लागेल कधीतरी

मराठी घरातला माळा आणि जुना सॉफ्टवेअर प्रोजेक्ट एकाच तत्त्वावर भरत जातात. माळ्यावर बंद मिक्सरचं खोकं असतं, दांडी तुटलेली छत्री असते आणि बेवारस किल्ल्यांचा जुडगा असतो. प्रोजेक्टमध्ये 'हेल्पर-न्यू-टू-फायनल' नावाचा क्लास असतो. आवरायला घ्या, की दोन्हीकडचं वडीलधारं माणूस म्हणतं, "राहू दे, लागेल कधीतरी."

आमच्या प्रोजेक्टमध्ये हे पद आर्किटेक्ट सरांकडे आहे. त्यांच्या कृपेने आमच्याकडे 'बेस-मॅनेजर' नावाचा एक पुराणपुरुष क्लास आहे. जो तो त्यालाच एक्स्टेंड करतो. मागे एका नव्या मुलीला बिलावर फक्त तारीख छापायची होती. तिनेही रीतीप्रमाणे बेस-मॅनेजर एक्स्टेंड केला. ऑब्जेक्ट तयार होताच त्याच्या कन्स्ट्रक्टरने डेटाबेसचं कनेक्शन उघडलं, मेल सर्व्हरचा दरवाजा ठोठावला आणि मेल सर्व्हर बंद असल्याचं सांगून मान टाकली. तारीख राहिली बाजूला.

"सर, मला एवढं सगळं नको होतं," ती म्हणाली.

"अगं, आयतं मिळतंय ना?" सर म्हणाले.

आयतं मिळतं म्हणून एक्स्टेंड करू नये. 'बिल हा एक प्रकारचा मॅनेजर आहे' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघावं. हसू आलं तर इनहेरिटन्स चुकला. तारीख छापणारा छोटा क्लास वेगळा लिहावा आणि त्याचा ऑब्जेक्ट बिलाच्या हाती द्यावा. १९९४ साली चौघांनी मिळून लिहिलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकाने हाच सल्ला दिला होता. आमच्या ऑफिसात ते पुस्तक आहे. मॉनिटर उंच करायला उपयोगी पडतं.

दुसरी जमात कमेंट करून ठेवणाऱ्यांची. मेथड मेली आहे हे मान्य, पण तिला डिलीट करायला हात धजत नाही. मग दोनशे ओळी कमेंटमध्ये निजवून वर लिहायचं, 'तात्पुरतं बंद'. अहो, गिट कशासाठी आहे? कमिट केलेली प्रत्येक ओळ ते सांभाळून ठेवतं. उद्या खरंच लागली, तर मिळेल परत.

यावर सर विचारतात, "पडून राहिली तर खाते काय?" त्याचं उत्तर अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने देऊन ठेवलं आहे. 'पॉवर पेग' नावाचा कोड त्यांनी २००३ पासून वापरला नव्हता, पण काढलाही नव्हता. २०१२ मध्ये नवा कोड लिहिताना त्यांनी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरायला घेतला. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला आणि दुसऱ्या कुणी तपासलंही नाही.

१ ऑगस्टला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग जागा झाला. ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले. मध्येच घाबरून त्यांनी नवा कोड उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढला, म्हणजे आता आठही ठिकाणी पॉवर पेग! तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने पॉवर पेगचं नाव घेऊन ९७ मेल पाठवले होते. त्यांची कुणी दखल घेतली नाही. आपोआप येणाऱ्या मेलचं आपण काय करतो ते आठवा, म्हणजे त्यांना हसावंसं वाटणार नाही.

म्हणून डिप्लॉयमेंट हे शौर्याचं काम नाही. ते स्क्रिप्टने करावं, म्हणजे सगळ्या सर्व्हरवर एकच बिल्ड जातो. शेवटी प्रत्येक सर्व्हरचा व्हर्जन नंबर स्क्रिप्टलाच विचारायला लावावा. नव्या फ्लॅगला नवं नाव द्यावं. नावांना पैसे पडत नाहीत. रोलबॅक केल्यावर नेमकं काय जिवंत होणार, हे आधी टेस्ट सर्व्हरवर करून बघावं. आणि शुक्रवारी संध्याकाळी 'छोटासाच चेंज आहे' म्हणणाऱ्याला चहा पाजून सोमवारपर्यंत थोपवावं.

वाचकहो, या आठवड्यात एक क्लास डिलीट करा. आधी कुठून कुठून त्याला हाक मारली जाते ते शोधा, टेस्ट चालवा, मग खुशाल उडवा. सरांना मात्र रिलीज झाल्यावर सांगा.