या खुळेपणाचा जयजयकार असो

पशुपालनात शहाणपणाचे माप सोपे आहे. जनावर अंगाने मोठे हवे, लोकर पांढरी नि मऊ हवी आणि सगळा कळप एकसारखा दिसायला हवा. या मापात जे बसत नाहीत त्यांना खुळे म्हणतात. मला आज त्याच खुळ्यांची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे.

पहिला मान सुंदरबनातल्या मेंढीवाल्यांचा. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गारोल नावाची मेंढी राखली. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम बारा-चौदा किलोची. मटणाला कमी, लोकरीला निकामी. कोणत्याही जाणत्या माणसाने मोठा मेंढा आणून ही जात केव्हाच मोडीत काढली असती. या लोकांनी ती काढली नाही. खाजणातल्या चिखलपाण्यात उभी राहून चरणारी मेंढी त्यांना हवी होती, आणि ही इवलीशी मेंढी एका वेताला दोन, कधी तीन कोकरे देत होती. १७९०च्या दशकात बंगालमधून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमुळेच तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत जुळ्या-तिळ्यांचा गुण उतरला, असे संशोधक मानतात. २००१मध्ये त्या गुणाचे मूळ सापडले. डीएनएतले एकच अक्षर बदललेले होते, आणि तोच बदल गारोलमध्येही निघाला. या जनुकाला फेक-बी म्हणतात. जगभरच्या मेंढपाळांना हवा असलेला गुण कोणी प्रयोगशाळेत घडवला नव्हता. तो चिखलात सांभाळला गेला होता.

दुसरा मान आमच्या धनगरांचा. त्यांची दख्खनी मेंढी काळी, लोकर जाडीभरडी, घोंगडीपलीकडे तिचा उपयोग नाही. सरकारने मेरिनो आणि रॅम्बुले मेंढ्यांशी संकर करून लोकर सुधारायचे प्रयत्न केले. पण धनगराच्या लेखी लोकरीआधी पाय येतात. उन्हाळ्यात तापलेला माळ, घाटाची चढ-उतार, आज या गावात तर उद्या पुढच्या. वाटेत वावरात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, पुन्हा चालायचे. हे सगळे ज्या मेंढीच्या अंगवळणी पडले आहे तीच त्यांनी धरून ठेवली. ती बहुधा एकच कोकरू देते, हाही तिचा दोष मानला गेला. पण रोज मुक्काम हलणाऱ्या वाड्यात तीन कोकरांना पुरेल इतके दूध आईच्या सडात कुठून येणार? दुष्काळी माळावर एक जगलेले कोकरू हे तीन मेलेल्या कोकरांपेक्षा जास्तच भरते.

तिसरा मान फलटणचा. बनबिहारी निंबकरांनी १९६८मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. १९९०च्या दशकात या संस्थेने सुंदरबनातून गारोल आणली. ओल्या खाजणातली इवलीशी मेंढी कोरड्या माळावरच्या मेंढीशी जुळवायची, हा विचारच व्यवहारी माणसाला वेडगळ वाटेल. पहिल्या संकरातली पिल्ले अंगाने लहान निघणार हे उघड होते. म्हणून ती पुन्हा दख्खनीशी जुळवायची, त्यांतून जनुक असलेली निवडायची, ती परत दख्खनीशी जुळवायची, असे पिढीमागून पिढी चालले. मेंढ्याने हा गुण घेतला आहे की नाही हे त्याच्या लेकी विईपर्यंत समजत नसे. जनुकाची ओळख पटल्यावर ते रक्ताच्या नमुन्यातून समजू लागले. डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांच्या या चिकाटीतून ‘नारी सुवर्णा’ मेंढी उभी राहिली. अंगपिंड आणि काटकपणा दख्खनीच्या वळणाचा, आणि त्यात गारोलकडून घेतलेले जनुक. धनगरांच्या कळपांत त्याची एक प्रत पुरते. अशा मेंढ्यांना बरीच जुळी होतात. दोन प्रती असल्या की तिळ्यांचे प्रमाण वाढते आणि आईवर भार पडतो. सुधारणा किती करायची आणि कुठे थांबायचे, हे इथे माळाकडे पाहून ठरले.

हे तिन्ही खुळे एकमेकांवाचून अपुरे आहेत. बंगालच्या मेंढीवाल्याने गारोल टाकली असती तर जनुक मिळाले नसते. धनगराने दख्खनी टाकली असती तर ते जनुक पेलणारी मेंढी उरली नसती. आणि फलटणला घाई असती तर दोन्ही जाती नुसत्या एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. सुधारणेचे सारे भांडवल या ‘निकामी’ जातींच्या वेगळेपणात आहे. एकदा गमावलेला वेगळेपणा कोणतीही योजना परत आणू शकत नाही.

आज हे भांडवल झिजते आहे. काळ्या लोकरीला भाव नाही, घोंगडीला गिऱ्हाईक घटले, चराऊ रान आक्रसले. मटणाच्या दरासाठी धनगर दुसऱ्या जातींचे मेंढे कळपात सोडतात, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत जातींची नोंद होते, ते आवश्यकच आहे. पण नोंदवहीतली मेंढी विणार नाही. ती कळपातच विते, आणि कळपामागे माणूस लागतो.

म्हणून माझे मागणे सरळ आहे. धनगराला चराईचा हक्क द्या, त्याच्या वाटा मोकळ्या ठेवा, जो जातिवंत मेंढा राखतो त्याला त्या राखण्याचे पैसे द्या, आणि पैदाशीचे धोरण ठरवताना त्याला शेजारी बसवा. पुढच्या पन्नास वर्षांत कोणता रोग येईल, पाऊस किती घटेल, कोणता गुण कामाला येईल हे आज कोणालाही सांगता येत नाही. अशा वेळी आज बिनकामाचे वाटणारे जनावर जिवंत ठेवणारा माणूसच उद्याची सोय करत असतो. त्याच्या खुळेपणाला अनुदान मिळाले पाहिजे.