जोशभाऊ

जानेवारी 2019पर्यंत भाऊंना रिसोडात कोणी जोशभाऊ म्हणत नव्हतं. 11 तारखेला ‘उरी’ लागला, भाऊ अकोल्याला मेव्हण्याकडे गेले ते सिनेमा पाहूनच परतले, आणि स्टँडजवळच्या चहाटपरीवर लष्कराची चौकी बसली.

पालथी बशी म्हणजे आपली हद्द, ग्लुकोजची बिस्किटं म्हणजे पलीकडचे तळ. उरीवर हल्ला झाला 18 सप्टेंबर 2016ला, बदला घेतला 29च्या पहाटे. सैन्याला अकरा दिवस लागले. भाऊ एका कटिंगमध्ये सगळे तळ बुडवून गिळत. बिस्किटांचे पैसे कोण देतं, ही बाब गोपनीय.

त्यात 19 जानेवारीला मुंबईत सिनेमा संग्रहालयाच्या उद्घाटनात खुद्द पंतप्रधानांनीच ‘उरी’तलं ‘हाऊज द जोश’ विचारलं. झालं! कृषी केंद्रवाला उधारी मागायला आला, तरी भाऊ आधी त्याचा जोश विचारत.

एकदा गुरुजी म्हणाले, “भाऊ, ते डोंगर काश्मीरचे नाहीत. शूटिंग सर्बियात झालं.”

भाऊ जरासे थांबले. “मंग तं अजूनच गुप्त झालं ना, गुरुजी!”

याच दिवसांत भाऊंच्या वावरात हरभऱ्याचे घाटे भरले होते आणि रोही रोज रात्री जेवायला येत होते. भाऊंनी वहीत नकाशा काढला. दोन बॅटऱ्या, सुतळी बॉम्ब, मोबाईल बंद. सिनेमात गरुडाच्या आकाराचं ड्रोन आहे. पुतण्यानं संक्रांतीतला उरलेला पतंग आणला. रात्री तो कोणाला दिसणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

दोन वाजता धुऱ्यावर खसखस झाली. बेताप्रमाणे गप्प राहायचं होतं, पण भाऊंना राहवलं नाही. अंधारात गरजले, “हाऊज द जोश?” पुतण्यानं दचकून बॉम्ब बोरीच्या काट्यांत टाकला. तो फुसका निघाला, पण रोही मात्र उधळले.

सकाळी टपरीवर भाऊ जिंकल्याच्या थाटात होते.

“शत्रू हद्दीबाहेर हाकलला!”

“कुठीकडं गेला पण?”

“चुलतभावाच्या वावरात.”

धुऱ्याच्या भांडणामुळे त्या चुलतभावाशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. तो आता रस्ता ओलांडून इकडेच येताना दिसला, हातात काठी.

भाऊंनी शेवटचा तळ कोरडाच तोंडात कोंबला आणि सुटायला आलेल्या सेनगावच्या गाडीत मागच्या दारानं चढले.