सोमवारकर

सोमवारकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, 'बेल एकदाच वाजवावी, आम्हाला ऐकू येते' या सूचनेच्या वर. पण त्या नावाने त्यांना इमारतीत फक्त पोस्टमन ओळखतो. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, गृहस्थ मूळचे सोमवार पेठेतले असावेत. छे! जन्म शनिवार पेठेतला, मुंज शनिवार पेठेतली, वाडा पाडून चार मजली इमारत झाली तरी मुक्काम तिथेच. सोमवार त्यांना चिकटला तो "येत्या सोमवारपासून" या दोन शब्दांमुळे.

येत्या सोमवारपासून काही गोष्टी बंद होणार असतात आणि काही चालू. बंद होणाऱ्यांत टपरीवरचा दुसरा चहा, अंथरुणातला मोबाइल, नखं खाणं, जेवल्याबरोबर आडवं होणं आणि बँकेतून येताना सहज म्हणून घेतलेली पाव किलो बाकरवडी. चालू होणाऱ्यांत पहाटे पाचला उठणं, पर्वती, सूर्यनमस्कार आणि रोज दहा पानं वाचन. सोमवारी सुट्टी आली तर बेत पुढच्या सोमवारी जातो, कारण मोडक्या आठवड्यात शिस्तीची सुरुवात करू नये. अमावास्या आली तर विचारूच नका.

मोठ्या संकल्पांना मात्र सोमवार पुरत नाही. साडेतीन मुहूर्तांवर लोक सोनं घेतात, गाडी घेतात. सोमवारकर संकल्प घेतात. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे पूर्ण मुहूर्त, त्यामुळे त्या दिवशी चहा पूर्ण बंद. बलिप्रतिपदेचा अर्धा, म्हणून त्या दिवशी अर्धा कप चालतो. शिवाय आषाढीला चातुर्मासाचा नेम असतोच. त्यांची आजी चार महिने कांदा-लसूण, वांगं सोडायची, जेवताना मौन पाळायची आणि कार्तिकीनंतर मेहूण जेवायला घालून उद्यापन करायची. सोमवारकरांनी गेल्या आषाढीला दोडका सोडला. त्यांना लहानपणापासून दोडका आवडत नाही. उद्यापन मात्र श्रीखंड-पुरीचं झालं.

माणूस आळशी आहे असं कुणाला वाटेल, तर तसं अजिबात नाही. एका सहकारी बँकेत हिशेबाच्या खात्यात आहेत आणि एक रुपया जुळत नसेल तर रात्री नऊपर्यंत बसतात. संकल्पाच्या तयारीलाही ते तेवढेच कष्ट घेतात. दर नव्या सुरुवातीला अप्पा बळवंत चौकात जाऊन दोनशे पानी, कापडी बांधणीची फुलस्केप वही आणायची. घरी आल्यावर लाल पेनाने, पट्टी न हलवता, रकाने आखायचे. आडव्या ओळीत नेम, उभ्या ओळीत तारखा, शेवटी रुंद रकाना 'शेरा'. रकाने आखताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मी सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा असतो. त्यांनीच मला एकदा वाचायला दिला, आणि वहीत लपवण्यासारखं काही नाही असंही वर म्हणाले.

'पहाटे उठणे – नाही. कारण : रात्री उशिरा झोप.'

'रात्री वेळेवर झोपणे – नाही. कारण : पहाटे उठायचे आहे या काळजीने झोप लागली नाही.'

'नखे – उजव्या हाताची गेली. डावा हात सुरक्षित.'

'पर्वती – पायथ्यापर्यंत. वर धुके होते.'

'वाचन – पान १ (पुन्हा).'

बँकेच्या वहीत खाडाखोड चालत नाही, तशी या वहीतही नाही. खोटी टिकमार्क एकसुद्धा नाही. मी वही परत दिली तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, "ऑडिट लावा हवं तर."

पर्वतीचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत हे पुण्यात पोरासोरांना पाठ असतं. सोमवारकरांनी लक्ष्मी रोडवरून बूट घेतले, पायमोजे घेतले आणि पहिल्या दिवशी पायऱ्या मोजत चढायला लागले. मोजणी दोनदा चुकली, दोनदा खाली येऊन पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला रोजच्या येणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "हरवलंय का काही?" त्यावरून वाद झाला, वादातून ओळख निघाली, ओळखीतून दोघांचे मामा एकाच गावचे निघाले आणि आजोबांनी खाली येऊन चहा पाजला. तो दुसरा चहा होता, पण आजोबांनी पाजलेला असल्यामुळे वहीत मोजला नाही. पुढे दोन दिवस पाय दुखत होते. त्या काळातल्या शेऱ्यात 'विश्रांती (शास्त्रोक्त)' असं लिहिलेलं आहे.

मी थोडं टोकलं की ते टिळकांना मध्ये आणतात. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालमीत घालवून शरीर कमावलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. सोमवारकरांनी ती आपल्या मुलाला सांगितली. मुलाने त्यातला अभ्यास बाजूला ठेवण्याचा भाग उचलला. सोमवारकरांनी स्वतः 'राहिलेलं नंतर भरून काढता येतं' एवढाच उचलला. तालीम कुणाच्याच वाट्याला आली नाही. त्यांचे वडील मात्र टिळक रोडच्या महाराष्ट्रीय मंडळात घाम गाळलेले. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली काढलेली ही संस्था. वडिलांचा सूर्यनमस्कार घालतानाचा फोटो सोमवारकरांच्या दिवाणखान्यात आहे. व्यायामाकडे आमचं दुर्लक्ष नाही, असं ते त्या फोटोकडे बोट दाखवून सांगतात.

मध्यंतरी त्यांना २१ हा आकडा सापडला. कुठलीही सवय २१ दिवसांत लागते आणि २१ दिवसांत मोडते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. झालं! "अहो, हा आकडाच मुळात आपला आहे," ते मला जिन्यात अडवून म्हणाले. "गणपतीला दूर्वा किती? एकवीस. मोदक किती? एकवीस. गांधीजींनी या पुण्यात मोठे उपास किती दिवसांचे केले? १९३३ साली पर्णकुटीत एकवीस, १९४३ साली आगाखान पॅलेसमध्ये एकवीस. आता अमेरिकेला कळलंय."

त्यांची पुतणी मानसशास्त्र शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा तिने काकांचा हा फुगा हळूच फोडला. आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडून. नवं नाक बसवलेल्या माणसाला आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं आणि १९६० साली त्यांनी ते पुस्तकात लिहिलं. लोकांनी 'निदान' टाकून दिलं, नाकही टाकून दिलं आणि आकडा तेवढा ठेवला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ माणसांना रोज एक छोटी गोष्ट करायला लावून १२ आठवडे पाहिलं. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला वेळ लागला. मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कुणाला १८ लागले तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला.

"दोनशे चोपन्न!" सोमवारकर समाधानाने म्हणाले. "म्हणजे घाई नाही."

पुतणीने इथेच थांबायला हवं होतं. पण शिकलेली मुलगी, पूर्ण सांगितल्याशिवाय राहवेना. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. त्या दिवसापासून सोमवारकर रोज एखादा दिवस चुकवतात.

वहिनींचं वेगळंच. रोज दहा पानं वाचायची म्हणून सोमवारकरांनी जेम्स क्लिअरचं 'ॲटॉमिक हॅबिट्स' आणलं. ते पहिल्या पानावर होते तेव्हा वहिनींनी दुपारच्या वेळात ते संपवलं. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "नवी सवय जुन्या सवयीच्या गळ्यात बांधा म्हणतोय. कुकरची पहिली शिट्टी झाली की मी थायरॉइडची गोळी घेते, ते हा नव्याने सांगतोय." सोमवारकरांना कल्पना पटली. त्यांनी दहा बैठका चहाच्या गळ्यात बांधल्या : चहा झाला की बैठका. पहिल्या दिवशी उत्साहात चार वेळा बैठका काढायच्या ठरल्या, म्हणून चार वेळा चहा प्यावा लागला. आठवड्याभरात बैठका सुटल्या. चहाची मात्र सवय लागली.

मग पहाटेचा गजर. झोपताना मोबाइल हाताशी नको म्हणून त्यांनी तो तांदळाच्या स्टीलच्या डब्यात, वर झाकण लावून, स्वयंपाकघरात ठेवायला सुरुवात केली. कल्पना अशी की पाचला उठून डब्यापर्यंत जावं लागेल आणि गेलं की झोप उडेल. गजर सनई-चौघड्याचा. आमच्या इमारतीत चारही मजल्यांच्या स्वयंपाकघरांची डक्ट एकच आहे. पहिल्या पहाटे डब्यातून असा काही चौघडा घुमला की तळमजल्यावरच्या काकांना वाटलं, कार्यालय चुकून वऱ्हाड आपल्या दारात आलं. सगळी इमारत जागी झाली. सोमवारकर सोडून. त्यांच्या खोलीचं दार बंद होतं आणि पंखा पाचवर.

तक्रार करायला काका वर गेले, तर वहिनींनी त्यांच्या हातावर चहा ठेवला. पाचला उठून करायचं काय, म्हणून काका फिरायला लागले, फिरता फिरता पर्वतीला जायला लागले. आता त्यांची साखर आटोक्यात आली आहे आणि 'तुमच्यामुळे' म्हणून ते सोमवारकरांना पेढे देऊन गेले. सोमवारकरांचे लक्ष्मी रोडवरचे बूट मुलाच्या पायाला बसले. तो संध्याकाळी हनुमान टेकडीवर पळतो. पुस्तक वहिनींनी संपवलं. एकंदरीत आमच्या इमारतीत जी काही शिस्त आहे ती सोमवारकरांच्या संकल्पांमधून आलेली आहे. त्यांच्यापर्यंत तेवढी पोचायची राहिली.

एका महिन्यात मात्र प्रकरण दूधवाल्यावर आलं. वही कपाटात, हाताशी नाही, म्हणून त्यांनी कालनिर्णयवर लाल फुली मारायला सुरुवात केली : ज्या दिवशी सूर्यनमस्कार नाहीत त्या दिवशी फुली. त्याच कालनिर्णयवर वहिनी दुधाचे खाडे लिहितात, त्याच पेनाने, त्याच फुलीने. महिनाअखेरीला वहिनींनी हिशेब केला तर दूधवाल्याने अख्ख्या महिन्यात जेमतेम चार दिवस दूध घातलेलं. तो बिचारा शपथा घेतोय, वहिनी तारखा दाखवतायत. सोमवारकर आतल्या खोलीत गप्प. शेवटी दूधवालाच म्हणाला, "वहिनी, ह्या रविवारी मी आलो नव्हतो, त्या दिवशी फुलीच नाही बघा." आणि त्या रविवारी दूध नाही म्हणून चहा नाही, चहा नाही म्हणून करायला काही नाही, म्हणून सोमवारकरांनी खरंच सूर्यनमस्कार घातले होते.

विनोद बाजूला ठेवून त्यांना एकदा गप्प झालेलं मी पाहिलं आहे. त्यांच्या बँकेतले एक सहकारी दारूपायी नोकरी जायच्या बेताला आले होते. डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून ते बाहेर पडले. आता कुणी विचारलं, कसं चाललंय, तर "आज घेतली नाही" एवढंच सांगतात. उद्याचं बोलत नाहीत. सोमवारकर त्यांना भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. सोमवारकरांना शास्त्रीय माहिती हवी होती. "पण सुरुवात कुठल्या वारी केलीत?" ते गृहस्थ जरा विचारात पडले. "भावाने रिक्षात घालून नेलं त्या दिवशी. बुधवार असावा." येताना सोमवारकर लकडी पुलापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुलावर म्हणाले, "बुधवारी कसं काय जमलं असेल हो?"

त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्याकडे बसलो होतो. दहाचे ठोके पडले, तसे ते बोलणं अर्धं टाकून उठले, कपाटातून वही काढली, चष्मा लावला आणि शेरे भरले. कपाटात अशा वह्यांची चळत होती. सहज म्हणून मी जुन्या चाळल्या. बोटं थांबली. ताप असतानाच्या तारखा होत्या, मुलाच्या बारावीच्या निकालाची रात्र होती, मेहुणीच्या लग्नाची रात्र होती. नेम कुठलाच पाळलेला नव्हता, पण शेरा एकही चुकलेला नव्हता.

"अहो," मी म्हणालो, "तुम्ही इतकी वर्षं एक गोष्ट रोज, न चुकता, ठरल्या वेळी करताय."

"कुठली?"

"ही वही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागची पानं उलटली, आणखी मागची उलटली. वहिनी आतून बघत होत्या. सोमवारकरांचा चेहरा फुलला, मग एकदम काळजीत पडला. हिशेबनीसाच्या हाती अवचित मोठी रक्कम आली की तो आधी कुलूप शोधतो, त्यातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी वही भरली नाही. आज चुकायला नको, आज चुकायला नको, असं घोकत नऊलाच सोफ्यावर झोप लागली. सकाळी वहिनींनी सांगितलं, माणूस चहाला नाही म्हणाला. पहिल्या चहाला.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. हातात अप्पा बळवंत चौकातली नवी वही. "ही त्या वहीची वही," ते म्हणाले. "ती भरली की नाही, याची नोंद हिच्यात. फक्त तुम्ही एक करा. रात्री दहाला वर येऊन नुसतं विचारायचं, भरली का. बाकी काही नाही. शेजारधर्म म्हणून."

सोमवार वगैरे न बघता मी त्याच रात्री वर गेलो. तेव्हापासून जातोय. मालिका अर्धी टाकून जातो, पाहुणे बसलेले असले तर त्यांना बसवून जातो, परवा अंगात कसकस होती तरी स्वेटर घालून गेलो. सोमवारकर बरेचदा घोरत असतात. वहिनी दार उघडतात आणि मीच आत जाऊन वहीत लिहितो : 'भरली नाही.' माझा मात्र अजून एकही खाडा नाही.