पुरुषांचा पदर

सेंट्रल चौकात पोलिसांची गाडी वळताना दिसली की भाजीच्या हातगाड्यांपासून रिक्षांच्या रांगेपर्यंत एक लाट जायची. हात वर, हनुवटीवरचं फडकं नाकावर, हात खाली. गाडी पुढे गेली की तीच लाट उलटी. कुणी कुणाला सांगायचं नाही, कुणी कुणाकडे बघायचं नाही. देहूरोड हे लष्करी गाव. कवायत आम्ही कुंपणाबाहेरून पुष्कळ पाहिलेली. पण सामान्य नागरिकांनी इतक्या एका तालात काही केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ही लाट मला पहिल्यांदा दिसली ती जून २०२० मध्ये, कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा असताना. घरी येऊन मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. आई लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय नवल? मामंजी ओसरीवर आले की आम्ही असाच पदर घ्यायचो. ते वळले की खांद्यावर." पाकळी ताटलीत टाकून पुढे म्हणाली, "आता तुमची पाळी."

त्या दोन वर्षांत मास्कबद्दल मी बरंच वाचलं, त्याहून जास्त मोबाइलवर ऐकलं. फोन लावला की समोरच्याच्या आधी एक बाई खोकायची आणि मग उपदेश सुरू व्हायचा. पण आईच्या त्या तीन-चार वाक्यांइतकं नेमकं काही कानावर पडलं नाही.

देहूरोड म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला नेहमी समजावून सांगावं लागतं. तुकोबांचं देहू वेगळं. हे देहूला जाणाऱ्या वाटेवरचं स्टेशन आणि त्याच्या भोवतीने वाढलेली छावणी. दारूगोळ्याचे डेपो, आयुध निर्माणी, जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि डेपोच्या नोकरीसाठी कुठून कुठून येऊन इथलेच झालेले लोक. बाजारात कांद्याचा भाव चार भाषांत विचारला जातो आणि चारही भाषांत महाग वाटतो. आमचं घर विकासनगरला, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत. थोडं चाललं की कॅन्टोन्मेंट बोर्ड. रूळ रेल्वेचे. तारेच्या कुंपणापलीकडे लष्कर. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय, तेही २०१८ मध्ये नव्याने झालेलं. घरातून निघून स्टेशनापर्यंत पायी जाईतो माझ्या एका नाकावर पाच खात्यांचा हक्क लागू व्हायचा. मास्क नसला तर ५०० रुपये दंड. खात्यामागे शंभर, असा हिशेब मी मनाशी लावून टाकला होता.

यातलं अवघड प्रकरण कुंपणाआड होतं. आमचे शेजारी अण्णा एका डेपोत कामाला. घरात तमिळ बोलतात, आमच्याशी मराठी आणि साहेबाशी हिंदी. रोज सकाळी ते मास्क लावून गेटपाशी पोचायचे. मास्क नसेल तर आत सोडायचं नाही, हा नवा नियम. पासवरचा फोटो आणि माणूस एकच आहे याची खात्री पटल्याशिवाय आत सोडायचं नाही, हा जुना. पहारेकरी बिचारा दोन्ही नियमांचा चाकर. आधी तो मास्क आहे का बघायचा, मग काढायला लावायचा, फोटोशी ताडून बघायचा आणि परत लावायला सांगायचा. अण्णा म्हणायचे, "दिवसातून एकदाच माझं मुखदर्शन. तेही रांगेत उभं राहून."

त्या वर्षी खुद्द पंढरपुरातही मुखदर्शन बंद होतं. एरवी तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आमच्याच रस्त्याने आकुर्डीकडे चालत जाते. आदल्या रात्रीपासून गावाला झोप नसते. २०२० ची आषाढी १ जुलैला होती, आणि पादुका आदल्या दिवशी एसटीत बसून गेल्या. रस्ता सुनासुना, आणि आम्ही खिडकीत. कुणाला शिवायचं नाही, पाया पडायचं नाही, मिठी मारायची नाही. वारीतलं जे जे काही, नेमकं ते ते सगळं मना.

नव्या वस्तूला नाव काय द्यायचं, यावरही आमच्या घरात एकमत नव्हतं. सरकारी पत्रकात 'मुखपट्टी'. मुलांचा 'मास्क'. मावळातून मामाचा फोन आला की पहिला प्रश्न, "मुसकं बांधतोस ना?" मळणीच्या वेळी बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ते मुसकं. मामाच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. ज्याने तोंड घालू नये तिथे घातलं, त्याला मुसकं, हा त्याचा शेतकरी न्याय.

जुलैमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका हौशी गृहस्थांनी २ लाख ८९ हजार रुपयांचा सोन्याचा मास्क करून घेतला आणि देशभर आमच्या शहराचं नाव झालं. श्वास घेता यावा म्हणून त्याला बारीक भोकं ठेवली होती. त्याने करोना अडेल की नाही याची खात्री नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकलं. मी ही बातमी मामाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मग ते मुसकं नव्हे. तो मुखवटा. आपल्या खंडोबाला असतो तसला." मला हा फरक फार पटला. मुखवटा दुसऱ्याने बघावं म्हणून असतो, मुसकं दुसऱ्याचं राखावं म्हणून.

आम्हा बाकीच्यांची मुसकी मात्र साधी, दहा-वीस रुपयांची, आणि ती नाकावर सोडून सगळीकडे असायची. सकाळी फिरायला निघालेल्यांत काही हनुवटीवाले. काही एककानी, त्यांचा मास्क डाव्या कानाला लोंबकळत पताकेसारखा फडफडायचा. काही कोपरावाले. आणि बहुसंख्य नाकाबाहेरवाले, ज्यांच्या मते विषाणू फक्त तोंडातूनच आत शिरतो. चहाच्या टपरीवर सगळे तोंड झाकून गप्प उभे असायचे, आणि बोलायची वेळ आली की मास्क खाली ओढायचे. ऐकणाराही आपला मास्क खाली ओढायचा, जणू कान त्यामागे होते. एका गृहस्थांनी शिंक येते आहे असं वाटताच घाईने मास्क उतरवला, मनसोक्त शिंकले आणि पुन्हा चढवला. मी बघतोय हे लक्षात येताच म्हणाले, "नवीन आहे. खराब व्हायला नको."

तक्रारी तर विचारू नका. गुदमरतं. घाम येतो. कानाच्या पाळ्या दुखतात. दाढी टोचते. तंबाखू खाणाऱ्यांचं दुःख वेगळंच. मास्क आहे हे विसरून जो थुंकला, त्याला पुन्हा विसर पडला नाही. माझा चष्मा. चौकात पोचेपर्यंत माझ्यापुढे लोणावळ्याचं धुकं. मी मास्कला शिव्या घालत काच पुसायचो. नंतर कळलं की मास्क ठीक होता, लावणारा ठीक नव्हता. नाकाच्या दांडीपाशी फट राहिली की उच्छ्वासाची गरम दमट हवा तिथून वर निघते आणि गार काचेवर तिची वाफ धरते. चष्मा धुरकटला म्हणजे मास्क नीट बसला नसल्याची पावती. हे मला बायकोने दाखवलं. तिने माझ्या नाकावरची ती बारीक तार दोन बोटांनी चिमटली आणि देहूरोड लख्ख दिसू लागलं.

तिला हे कसं ठाऊक, हा प्रश्नच नव्हता. पुण्या-पिंपरीच्या मुली कितीतरी वर्षं आधीपासून दुचाकीवर बसताना ओढणी डोक्याभोवती अशी गुंडाळतात की फक्त डोळे उरतात, आणि तेही गॉगलमागे. बाहेरगावचे पाहुणे हे बघून घाबरायचे. ती निगडीला नोकरीला जाताना तीस सेकंदांत अशी तयार व्हायची. मी तिला 'चंबळची राणी' म्हणायचो. ऊन, धूळ आणि ट्रकचा धूर यांपैकी तिला माझा विनोद सगळ्यात कमी त्रासाचा वाटत असावा, कारण तिने कधी उत्तर दिलं नाही. उत्तर तिने २०२० मध्ये दिलं. माझ्या मास्कच्या नाड्यांची गाठ मागे सुटत नव्हती तेव्हा ती म्हणाली, "या, चंबळचे राजे."

तसं बघितलं तर आमच्या भागाला हा धडा दुसऱ्यांदा मिळत होता. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, आणि दोन दिवसांत औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. मग रुमाल. त्यात कापूर आणि वेलचीची पुरचुंडी. दर थोड्या वेळाने ती हुंगायची. लोकलच्या डब्याला देवघराचा वास यायचा. साथ ओसरली, रुमाल खिशात गेले, आणि अकरा वर्षांनी आम्ही पुन्हा बिगरीपासून सुरुवात केली.

पुरुषाला तोंड झाकायला सांगणं सगळीकडेच अवघड गेलेलं दिसतं. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेल्या वू ल्येन-तेह या तरुण डॉक्टरने ओळखलं की हा रोग श्वासातून जातो. गॉज आणि कापूस यांची पट्टी करून त्याने सगळ्यांना नाका-तोंडावर बांधायला लावली. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना या पोराचं म्हणणं पटलं नाही. ते पट्टी न बांधता रुग्णांपाशी गेले आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. विद्वत्ता होती, नाकही होतं, फक्त मधे कापड नव्हतं.

कापडाचं काम तसं साधं आहे. बोलताना, खोकताना तोंडातून उडणारे थेंब बाहेर पडल्या पडल्या मोठे असतात, तिथेच ते कापडात अडकतात. एकदा हवेत जाऊन वाळले, बारीक झाले की अडवणं कठीण. म्हणजे साधा मास्क स्वतःचं थोडं आणि समोरच्याचं जास्त राखतो. इथेच आम्ही अडलो. हेल्मेट स्वतःचं डोकं वाचवतं तरी आम्ही ते आरशाला अडकवतो. मग दुसऱ्याच्या नाकासाठी स्वतःचं नाक कोण झाकणार? आईला मी हे शास्त्र समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पदर तरी कुठे आमच्यासाठी होता? समोरच्याचा मान. आम्हाला श्वास येतो का, ते कुणी विचारलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. गंमत वाटत होती तिला, उशिरा का होईना पण भेटलेल्या सोबत्यांची.

मग एप्रिल २०२१ आला आणि चौकातली लाट थांबली. पोलिसांची गाडी येवो न येवो, मास्क नाकावरच. बोलतानाही कुणी खाली ओढेना. जुन्या हायवेवरून पिंपरीकडे जाणारी रुग्णवाहिका रात्री ऐकू यायची. पहिली गेली की आपण दुसरीची वाट बघतो आहोत, हे मग लक्षात यायचं. त्यातल्या एकीत अण्णा गेले. त्यांच्या घरी कुलूप, घरच्यांना दुसरीकडे हलवलेलं. गच्चीच्या दोरीवर त्यांचा मास्क राहिला होता, जुन्या खाकी पँटच्या कापडाचा, त्यांच्या घरच्या अक्कांनी हाताने शिवलेला. उन्हात त्याची खाकी उडत गेली. एका वळवाच्या पावसात तो भिजला, पुन्हा वाळला. रोज सकाळी दूध आणायला जाताना मी आधी वर बघायचो. काढून ठेवावा असं वाटायचं, पण हात लावायचा नाही, असंही वाटायचं.

बाविसाव्या दिवशी दोरी रिकामी दिसली. संध्याकाळी अण्णा फाटकाशी उभे होते. निम्मे झालेले. मी पुढे जाणार तेवढ्यात त्यांनी हात करून मला दहा फुटांवर थांबवलं. मग तो खाकी मास्क सावकाश हनुवटीखाली घेतला, क्षणभर तसेच उभे राहिले आणि परत लावला. म्हणाले, "मुखदर्शन झालं. आता घरी जा." त्या उन्हाळ्यात किती गच्च्यांवरच्या दोऱ्या अशा उतरवायच्या राहून गेल्या, ते मोजण्याचं धाडस मला झालं नाही.

२०२२ चा गुढीपाडवा २ एप्रिलला आला आणि त्या दिवसापासून राज्यात मास्कची सक्ती उठली. मी मुद्दाम चालत सेंट्रल चौकात गेलो. दोन वर्षं ज्याच्याकडून कोथिंबीर घेतली त्याला झुपकेदार मिशी आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यालाही माझ्या चेहऱ्याची कल्पना वेगळी असावी, कारण त्याने जुडीचा भाव पाच रुपयांनी वाढवून सांगितला. डोळ्यांवरून ज्यांना मी रागीट समजत होतो त्यांची तोंडं हसरी निघाली, काहींचं उलट.

तेवढ्यात पोलिसांची गाडी वळली. आणि भाजीच्या हातगाड्यांपासून रिक्षांच्या रांगेपर्यंत सगळ्यांचे हात वर गेले. हनुवटीपाशी काहीच नव्हतं. मग कुणी दाढी खाजवली, कुणी मिशीवरून बोट फिरवलं, कुणी उगाच घसा खाकरला. माझाही हात वर गेला होता, कोथिंबिरीसकट.

घरी येऊन सांगितलं. आई पुरणाला पाटा-वरवंटाच हवा, मिक्सर नको, या वादात गुंतलेली. वाद मधेच थांबवून ती हसली.

"जायचाच हात," ती म्हणाली. "मामंजींना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांच्या फोटोवरची धूळ पुसताना माझा अजून आधी पदराकडे जातो."