संदर्भमास्तर

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींना मास्तरांचा तुटवडा कधीच पडला नाही. मिशनच्या शाळांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पुरवले. त्यातले आमचे संदर्भमास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर पाळक, सुवार्तिक, बायबल वुमन आणि संडे स्कूलच्या ताई-भाऊंना शास्त्राभ्यास शिकवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कुणी दिलं होतं अशातला भाग नाही. खरं नाव मंडळीच्या रजिस्टरात असेल, पण कोणी वचन उच्चारलं की यांचं ठरलेलं, "वरच्या दहा ओळी वाचल्या का?" त्यामुळे बारशाची गरज उरली नाही.

एका लग्नात कुणीतरी हौसेने वचनाची फ्रेम आहेर केली. एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा परमेश्वर आपल्यावर लक्ष ठेवो, या अर्थाचं, उत्पत्तीतलं मिस्पाचं. मास्तर स्टेजवर शुभेच्छा द्यायला गेले आणि माईक हातात आल्यावर त्यांना राहवेना. "हे प्रेमाचं वचन नाही. लाबान सासरा, याकोब जावई. वीस वर्षं एकमेकांवर कुरघोडी केली. शेवटी दगडांची रास रचून ठरवलं, वाईट हेतूने ही ओलांडायची नाही. मग म्हणाले, आता देवच तुझ्यावर लक्ष ठेवो!" फोटोग्राफरने नेमका तेव्हाच क्लिक केला. आल्बममध्ये वधूपित्याचा चेहरा बघण्यासारखा आहे.

दुकानाच्या उद्घाटनाला तर त्यांना बोलावणं बंदच झालं. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, हे वचन गल्ल्याच्या वर लावलेलं दिसलं की ते मालकाला सांगणार, "हे ईयोबाला बिल्दद म्हणाला. पुढे देवाने त्याची चांगलीच खरडपट्टी काढली आहे."

त्यांचा एकच हाडवैरी, रॉबेर एस्तिएन. या मुद्रकाने १५५१ साली नव्या कराराला वचनांचे आकडे घातले. मास्तर त्याच्याविषयी असं बोलतात, जणू त्यानेच यांची बांधावरची चिंच तोडली. "पौलाने पत्र लिहिलं, पाढे नव्हे!" म्हणून शिबिरात ते आकडे काढून टाकलेल्या झेरॉक्स वाटतात, सोबत रंगीत पेन्सिली. माणसं तांबडी, क्रियापदं निळी, पुन्हा पुन्हा आलेले शब्द हिरवे. तीस वर्षं उपदेश केलेले पाळकसाहेब त्या कागदापुढे मेळ्यात हरवल्यासारखे बसतात. "मास्तर, सोळावं कुठं आलं हो?"

"पाळकसाहेब, पत्र वाचा. घरच्या पत्रात सोळावं शोधता का?"

कुणी कुरकुर केली की केडगावच्या पंडिता रमाबाई पुढे येतात. त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं; १९२४ साली ते पूर्ण छापून निघालं तेव्हा त्या हयात नव्हत्या. "आणि तुम्हाला पेन्सिलीला टोक करायचा कंटाळा!" यावर काय बोलणार? लोक टोक करत बसतात.

पद्धत तीन पायऱ्यांची: निरीक्षण, अर्थ, आचरण. मात्र मास्तरांच्या शिबिरात आचरणापर्यंत पोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मागच्या खेपेला दोन दिवसांत संपावं म्हणून त्यांनी मुद्दाम फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घेतलं. एकच अध्याय, अवघी पंचवीस वचनं (एस्तिएनच्या हिशेबाने). मालकाकडून निसटलेला दास अनेसिम पौलाला तुरुंगात भेटतो आणि पौल त्याला चिठ्ठी देऊन माघारी पाठवतो. दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली तरी अनेसिम वाटेतच.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून बायबल वुमन मावशी बोलल्या. एरवी त्या शिबिरात मटार सोलतात.

"मास्तर, याच्याकडं काही निघत असेल तर माझ्या नावावर मांड, असं लिहिलंय न्हवं? ते पौलानं सवताच्या हातानं लिहिलंय."

"बरोबर. मग?"

"म्हंजी जामीन राहिला. अन् लगोलग म्हणतो, तू मला किती देणं लागतोस ते काढत न्हाई. काढलं की! वर शेवटाला, माझ्यासाठी खोली तयार ठेव. म्हंजी बघायला येणार. अन् पत्र एकट्या मालकाला न्हाई, घरात जमणाऱ्या सगळ्या मंडळीला. चारचौघांत वाचल्यावर तो न्हाई कसा म्हणंल?"

मास्तर थक्क. खडू खाली पडला. पाळकसाहेबांनी गुपचूप हे सगळं रविवारच्या उपदेशासाठी वहीत उतरवून घेतलं. मावशींचं नाव मात्र वहीत आलं नाही, हे मी शेजारून पाहिलं.

"मावशी, आता आचरण!" मास्तर घड्याळाकडे बघत म्हणाले. शेवटची एसटी सहाची.

"थांबा की. ही चिठ्ठी नेली कुणी?"

"कलस्सैकरांच्या पत्रात तुखिक आणि अनेसिम बरोबर निघालेले दिसतात. तेव्हा त्यांनीच."

"म्हंजी ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्याच बरोबर दिली? मग त्यानं वाटेत फोडून वाचली असंल का हो?"

मास्तरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, फळ्यावरचं 'आचरण' पुसलं आणि पुन्हा मोठ्या अक्षरांत 'निरीक्षण' लिहिलं. सहाची एसटी पाळकसाहेबांनी एकट्यानेच पकडली.