नव्या गाडीवर घरबसल्या बिदरी काम

केए-३८ किंवा केए-३२ पाटीची काळी करकरीत गाडी दारात आली की ती रोज सकाळी कोरड्या फडक्याने मनापासून पुसावी. बिदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकतात, मग किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्यावर चोळतात; धातू काळाकुट्ट होतो, चांदी तेवढी लखलखते. आपल्याला एवढी यातायात नको. काळा रंग कंपनीनेच दिलेला असतो, जांभ्याची लाल माती हुमनाबादेपर्यंत जाऊन आलं की फुकट मिळते आणि चांदीच्या तारा फडक्याखाली आपोआप उमटतात. तिरप्या उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळी दिसली की काम साधलं म्हणायचं. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ. धुळीतला वाळूचा कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. नुसती बसलेली धूळ ओरखडे काढत नाही. त्यासाठी वरून हात दाबावा लागतो, आणि तो बहुतेक मालकाचाच असतो.

वाडी-सेडमकडचे लोक म्हणतील, आमच्याकडे सिमेंटची धूळ, न पुसून कसं चालेल? हरकत रास्त आहे. दवात भिजली की ती पत्र्यावर घट्ट धरते. पण तिला फडकं नको, पाणी हवं; आधी भरपूर पाण्याने ओघळू द्यावी, मगच मऊ कापड लावावं. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीत हे शोभणार नाही, हेही खरं. मात्र तेव्हा दवही पडत नाही, सबब गाडी तशीच मळकी ठेवावी. शेजारी काय म्हणतील, याला मात्र उपाय नाही. ‘सिरॅमिक कोटिंग केलंय’ म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. ते पाणी झटकतं, वाळू नाही.

उन्हाने पांढुरक्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर डिझेलचा बोळा फिरवायची चाल आहे. दोन दिवस चकाकी, तिसऱ्या दिवशी त्यावरच चिकटलेला धुरळा, शिवाय काचेभोवतीचं रबर फुगतं ते वेगळंच. गाणगापूरला पूजेसाठी नेली तर कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढून घ्यावं. दत्तमहाराजांची हरकत नसावी. हार दोऱ्यात ओवलेलाच घ्यावा. तारेचा घेतला, तर परतताना कलबुर्गी येईस्तोवर ती वाऱ्याने हलत बॉनेटवर नक्षी काढत राहते.