आकडा कुणाच्या पगाराचा?

पगारवाढीच्या दिवसांत एचआरच्या टेबलावर दोन-चार वेतन सर्वेक्षणं पडलेली असतात. त्यातलं सर्वांत कमी आकड्याचं उचलायचं, त्याला ‘मार्केट’ म्हणायचं आणि लीजिंग मॅनेजरपुढे सरकवायचं, ही सरळसरळ लबाडी आहे. ती थांबली पाहिजे.

मुळात ‘लीजिंग मॅनेजर’ हे एक काम नाहीच. पुण्यात खराडी-हिंजवडीतला माणूस आयटी कंपन्यांना मजलेच्या मजले भाड्याने देतो. लॉक-इन किती वर्षं, फिट-आउटसाठी भाडेमाफी किती महिने, दर 3 वर्षांनी 15 टक्के वाढ मिळणार की नाही, यावर त्याची महिनोन्‌महिने घासाघीस चालते. मॉलमधला किमान भाडं आणि विक्रीतला वाटा ठरवतो, शिवाय कोणत्या ब्रँडशेजारी कोणता बसवायचा तेही बघतो. तिसऱ्याचा दिवस लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी, नूतनीकरणं आणि बंद लिफ्टच्या तक्रारींत जातो. तिघांच्या कार्डावर हुद्दा एकच! अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीतही मालमत्ता सांभाळणारे आणि निवासी संघटनांचे व्यवस्थापक एकाच गटात येतात. आकडेवारी विश्वासार्ह आहे, पण तिच्यावरून ऑफिस टॉवर भरणाऱ्याचा पगार ठरवला तर तो चुकणारच.

दुसरी मेख इन्सेंटिव्हची. या धंद्यात कमाईचा मोठा भाग सौदा झाल्यावर हातात पडतो. सर्वेक्षणातला आकडा मूळ पगाराचा, सीटीसीचा, की इन्सेंटिव्ह धरून, हे लिहिलेलं नसेल तर ते सर्वेक्षण बाजूला ठेवा. सरासरीवरही विसंबू नका. समजा, पाच जणांचे पगार 12, 13, 14, 15 आणि 46 लाख आहेत. सरासरी येते 20 लाख, आणि 20 लाख तर त्यातल्या एकालाही मिळत नाहीत. मधला माणूस 14 वर उभा आहे. म्हणून मध्यक मागा, किती कंपन्यांची माहिती आहे ते विचारा आणि ती कोणत्या महिन्याची आहे तेही.

हे सगळं पोटतिडकीने लिहितोय, कारण जागा रिकामी राहिली की नुकसान लगेच दिसतं. आपल्याकडे 2019 पासून रीट्स, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांचे गुंतवणूक ट्रस्ट, शेअर बाजारात आहेत, 2023 मध्ये मॉलचंही रीट आलं. वाटपयोग्य रोकडीपैकी किमान 90 टक्के त्यांना गुंतवणूकदारांना द्यावीच लागते. ती रोकड मुख्यतः भाड्यातून येते, आणि भाडं आणणारा माणूस म्हणजे हाच लीजिंग मॅनेजर.

तेव्हा एचआरवाल्यांनो, सर्वेक्षण कोणतं वापरायचं ते आकडे उघडण्याआधी ठरवा आणि दरवर्षी तेच ठेवा. आणि लीजिंगवाल्यांनो, पुढच्या बैठकीत कागद समोर आला की त्या आकड्यामागची कामाची व्याख्या आधी वाचायला मागा.